थ्रीडीचा कोर्स की अकरावीचे सदिश?

निकाल लागले की गेम डिझाइन, रोबोटिक्स, थ्रीडी अ‍ॅनिमेशन अशा कोर्सची माहितीपत्रकं घरोघरी येऊ लागतात. त्यांत सॉफ्टवेअरची नावं ठळक छापलेली असतात आणि पालकही तीच मोजत बसतात. ही मोजदादच मला चुकीची वाटते. या क्षेत्रांत टिकायला लागणारं मुख्य भांडवल विज्ञान शाखेच्या मुलांच्या दप्तरात आधीच असतं: अकरावीच्या भौतिकशास्त्रातले आणि बारावीच्या गणितातले सदिश, म्हणजे व्हेक्टर. सॉफ्टवेअर बदलत राहतं. एकेकाळी ज्याचे क्लास जोरात चालत, त्या फ्लॅशच्या प्लेअरचा आधार अडोबी कंपनीने २०२० संपताना काढून घेतला. पायथनमधली नमपाय ही लायब्ररी २००६ची आहे. डॉट आणि क्रॉस गुणाकाराची मांडणी मात्र येल विद्यापीठातले प्राध्यापक गिब्ज यांच्या व्याख्यानांवरून तयार झालेल्या १९०१च्या पुस्तकाने रूढ केली, आणि ती आजही तशीच वापरात आहे.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की आकडेमोड लायब्ररी करते, कोड आता एआय लिहून देतो, मग गणितावर घाम कशाला गाळायचा? उत्तर नमपायमध्येच मिळतं. (१, २, ३) आणि (४, ५, ६) हे दोन व्हेक्टर घ्या. मधे नुसता स्टार टाकून गुणले तर (४, १०, १८) येतं, डॉट गुणाकार मागितला तर ३२, क्रॉस मागितला तर (−३, ६, −३). तिन्ही वेळा संगणक निमूटपणे उत्तर देतो, कुठेही एरर नाही. पहिल्या प्रकाराला तर पाठ्यपुस्तकातल्या सदिशांत जागाच नाही. दिव्याचा उजेड पृष्ठभागावर किती पडेल हे डॉटने कळतं. पृष्ठभागाचं तोंड कुणीकडे आहे, किंवा रोबोच्या सांध्यावर टॉर्क किती येतो, हे क्रॉसने. क्रॉसमधला क्रम उलटला की चिन्ह पालटतं आणि गेममधली भिंत उजेडातही काळी दिसते. प्रोग्राम चालतो, चित्र चुकतं. ते का चुकलं हे सांगणाऱ्याला पगार मिळतो. दोन एकाच दिशेच्या एकक व्हेक्टरांचा डॉट, म्हणजे त्यांच्यातल्या कोनाचा कोसाइन, दशांशांच्या बारीक चुकीमुळे १च्या किंचित वर गेला, की कोन काढताना उत्तराऐवजी ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’, हाती येतं. एआयने दिलेल्या कोडमध्येही हे घडू शकतं, आणि कोसाइन १च्या वर जात नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याच्या ते चटकन लक्षात येतं.

मग बारावीचे गुण पुरेत का? नाहीत. कागदावर बिनचूक गणित सोडवणारी मुलंही इथे अडखळतात, कारण प्रत्येक साधनाचे रिवाज वेगळे. युनिटी या गेम इंजिनमध्ये वरची दिशा वाय आणि अक्ष डाव्या हाताच्या नियमाने. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वरची दिशा झेड आणि हात उजवा. थ्री-जेएस या वेबवरच्या थ्रीडी लायब्ररीमध्ये एका व्हेक्टरवर ‘अ‍ॅड’ चालवलं की तो मूळ व्हेक्टरच बदलतो, नमपायमध्ये बेरीज नवा व्हेक्टर देते. हे सरावानेच अंगवळणी पडतं. पण पाया असेल तर एका साधनावरून दुसऱ्यावर जाणं जड जात नाही, आणि गेम स्टुडिओतली भरती मंदावली तर तेच ज्ञान ड्रोन, रोबोटिक्स किंवा पुण्याच्या वाहनउद्योगातल्या डिझाइनच्या कामाकडे वळवता येतं. नोकरीची हमी यात नाही. ती माहितीपत्रकातही नसते, तिथे फक्त तसं छापलेलं असतं.

गणिताचा मनापासून कंटाळा असलेल्या मुलाला या वाटेवर ढकलू नये. चित्रकलेची जाण असेल तर मॉडेलिंग आणि अ‍ॅनिमेशनमध्ये त्याला वेगळं, तितकंच मानाचं काम आहे. बाकीच्यांनी लाखाची फी भरण्याआधी सुट्टीत नमपाय आणि ब्लेंडर वापरून पाहावं. दोन्ही फुकट आहेत. पालकांना कोड वाचता आला नाही तरी चालेल. प्रोग्राम चालवण्याआधी मुलाला विचारा, बाण कुठल्या बाजूला वळेल? मग चालवायला सांगा. अंदाज चुकल्यावर तो चिन्ह आणि क्रम तपासायला बसतो, की दुसरा कोड उचलून चिकटवतो, ते पाहा आणि मगच प्रवेशाचा अर्ज भरा.