गोळी मनाने सोडू नका

माय चांदूर रेल्वेहून बाजार करून आली. तिचे पाय सुजले होते. ती म्हणाली, "बाबू, हे त्या रक्तदाबाच्या गोळीनं झालं. उद्यापासून मी गोळी घेत नाही."

मुलगा म्हणाला, "थांब माय. आधी डॉक्टरले विचारू."

दोघे सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दाब मोजला. ते म्हणाले, "अ‍ॅम्लोडिपीनने काहींचे पाय सुजतात. एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो. गोळी बदलता येते. पण मनाने सोडली, तर दाब वाढतो. लकवा मारू शकतो."

मायची गोळी बदलली. सूज उतरली.

उठताना चक्कर येते? आधी खाटेवर बसा, मग सावकाश उठा. सूज आली आणि दमही लागला, तर लगेच दवाखाना गाठा. त्रास लपवू नका. डॉक्टरांना सांगा.