पुरे म्हणायला शिकणे



‘पुरे’ हा शब्द पाहा. पु आणि रे. दोनच अक्षरे. जोडाक्षर नाही. तुम्ही तो पहिल्याच महिन्यात वाचला असेल. लिहिलाही असेल. पण तो मनापासून म्हणायला आम्हाला पंचावन्न वर्षे लागली. आम्ही चौतीस वर्षे शाळेत शिकवले, शेवटची नऊ वर्षे हेडमास्तर होतो. तरी हा धडा आमचा कच्चाच राहिला होता. तो कसा पक्का झाला ते आज सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते. पण मास्तराने आपली चूक झाकली, तर मुले काय शिकणार?

२०११ साली आमच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. आमचे घर ख्रिस्ती. लग्न देवळात लागते. पाळकसाहेब प्रार्थना करतात, वधूवर वचन देतात, सह्या होतात, झाले लग्न. याला खर्च फारसा नाही. पण आम्हाला वाटले, आपण हेडमास्तर. गावात मान आहे. पाहुणे काय म्हणतील? म्हणून मोठा मांडव घातला. बँड आणला. आठशे पाने उठली. मानपान केला. ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो, अशांना टोप्या-टॉवेल दिले.

पगारातून आधीच घराच्या कर्जाचा हप्ता जात होता. म्हणून दोन लाख रुपये खाजगी माणसाकडून व्याजाने घेतले. व्याज शेकडा तीन रुपये. ऐकायला किती थोडे वाटते! तीन रुपये म्हणजे काय, दोन वेळचा चहासुद्धा येत नाही. पण हे तीन रुपये वर्षाचे नव्हते, महिन्याचे होते. आता तुम्ही पाटीवर हिशेब करा. शंभराला तीन, तर हजाराला तीस. लाखाला तीन हजार. दोन लाखांना सहा हजार. दर महिन्याला सहा हजार रुपये नुसते व्याज! वर्षाचे बहात्तर हजार. तीन वर्षांत आम्ही दोन लाखांच्या वर व्याज भरले, आणि मुद्दल होते तिथेच. आम्ही मुलांना व्याजाची गणिते शिकवत होतो, आणि घरी हे चालले होते.

शेवटी २०१४ साली ओढ्याकाठचे अर्धा एकर रान विकले. वडिलांनी कमावलेले रान होते ते. विहिरीचे पाणी लागत होते. कर्ज फिटले. खरेदीखत करून आलो त्या रात्री मुलींची आई जेवली नाही. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, “अहो, त्या बँडवाल्यांनी गाणी कोणती वाजवली हुती, तुम्हास्नी एक तरी आठवतंय का?”

आम्हाला एकही आठवेना.

त्या दिवसांत झोप येत नसे. रात्री पवित्र शास्त्र घेऊन बसत होतो. लहानपणापासून वाचलेले पुस्तक. पण ठेच लागल्यावर रस्ता नीट दिसतो, तसे झाले. नव्या करारात पौल नावाच्या शिष्याची पत्रे आहेत. हा पौल शिकलेला माणूस, पण पोटासाठी तंबू शिवायचा. गावोगाव फिरून प्रभू येशूची सुवार्ता सांगायचा. त्यापायी त्याने फटके खाल्ले, उपास काढले. त्याचे जहाज फुटले. फिलिप्पै नावाच्या गावच्या मंडळीला त्याने एक पत्र लिहिले, ते कैदेत असताना. त्या गरीब लोकांनी त्याला काही मदत पाठवली होती. त्याबद्दल तो आभार मानतो, आणि आणखी एक गोष्ट सांगतो. भरपूर असताना कसे राहावे आणि काही नसताना कसे राहावे, हे दोन्ही मी शिकलो आहे, अशा अर्थाचे तो लिहितो. हे बळ मला प्रभू देतो, असेही म्हणतो.

आमचे बोट त्या ‘शिकलो’ शब्दावर थांबले. तोवर आम्ही समजत होतो की समाधान हा स्वभाव आहे. कुणाचा असतो, कुणाचा नसतो. पण पौलासारखा माणूससुद्धा ते शिकला! मग बाराखडीसारखे तेही गिरवावे लागणार. आज चुकले, पुसले, पुन्हा लिहिले.

जुन्या करारातही एक गोष्ट आहे. इस्राएल लोक मिसर देशातल्या गुलामीतून सुटले आणि रानात आले. खायला काही नाही. तेव्हा देवाने त्यांना मान्ना नावाचे अन्न दिले. रोज सकाळी जमिनीवर पडलेले असे. माणशी एक माप घ्यायचे, उद्यासाठी ठेवायचे नाही. काहींनी हाव केली, ठेवले. सकाळी पाहतात तो त्यात किडे! पण सहाव्या दिवशी दोन मापे घ्यायची मुभा होती, कारण सातवा दिवस विसाव्याचा. ते दुसऱ्या दिवसाचे अन्न नासले नाही. ही शेवटची गोष्ट लोक सांगायला विसरतात. पुढच्या पेरणीचे बी राखून ठेवणे, आजारपणासाठी चार पैसे बाजूला टाकणे, ही हाव नव्हे.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, हे सगळे शास्त्रातले, फार जुने. आपल्या मुलखातले सांगा. तर सांगतो.

नारायण वामन टिळक हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. मोठे कवी. जन्म १८६१ सालचा, कोकणातला, ब्राह्मण घरातला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते ख्रिस्ती झाले. पुढे बरीच वर्षे ते अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मिशनच्या नोकरीत होते. त्यांची भजने आम्ही आजही उपासनेत टाळ-पेटीवर म्हणतो. आपल्या मातीचा माणूस प्रभूचे भजन आपल्याच चालीत गातो, हे लोकांना त्यांनी दाखवले.

या माणसाच्या हातात पैसा टिकत नसे. कुणी मागितले की दिले. घरात गरीब मुले राहायला असत. १९१७ साली, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि पगार सोडला. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सर्व लोक भावांसारखे एकत्र यावेत, असा त्यांचा विचार होता. १९१९ साली ते मुंबईत वारले. दरबाराला वेळ फार थोडा मिळाला.

टिळकांची थोरवी आम्ही मानतो. पण आम्हाला विचाराल, तर या पाठात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना पहिला पाट द्यावा. नवऱ्याने सहज देऊन टाकले, की चुलीपुढे बसून निभावणार कोण? बायकोच. साधेपणाचे नाव पुरुषाचे होते आणि ओझे बाईच्या डोक्यावर जाते, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे. आमच्या घरी तर उलटेच झाले. डामडौल आमचा आणि उपास तिचा. ओझे मात्र तिच्याच डोक्यावर.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी सोवळ्याओवळ्याचा भारी जाच. वडील विलक्षण कडक. लग्न लहानपणीच झाले. शाळा नाही. अक्षरे शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याकडून. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. मग नवऱ्याजवळ आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. दुसऱ्याच्या हातचे पाणीही चालत नसे. हळूहळू त्यांनीच विचार केला की ही उच्चनीच माणसांनीच केलेली आहे, आणि ती टाकून दिली. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

टिळक गेल्यावरही त्या खचून बसल्या नाहीत. ‘ख्रिस्तायन’ नावाचे मोठे काव्य टिळकांनी सुरू केले होते, ते अपुरे राहिले होते. त्याचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. शिवाय ‘स्मृतिचित्रे’ नावाने आपल्या आठवणी लिहिल्या. त्याचा पहिला भाग १९३४ साली छापला गेला. १९३६ साली त्या वारल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे ते पुस्तक आज मराठीतले फार मोलाचे पुस्तक मानतात. दारिद्र्य, आजार, ताटातूट, सगळे त्यात आहे. आणि तरी वाचताना हसू येते! स्वतःच्या फजितीवर त्या हसतात. समाधानी माणूस कसा ओळखावा, तर असा, असे आम्हाला वाटते. ज्याच्या मनात कुरकुर असते, त्याला स्वतःवर हसता येत नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. समाधान म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. ऊसतोडीचा मुकादम मजुरी बुडवतो आणि वर म्हणतो, देवाने दिले त्यात सुखी राहा. असा उपदेश ऐकू नका. शास्त्रात याकोबाचे पत्र आहे. त्यात शेतमजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या श्रीमंतांना कडक शब्दांत खडसावले आहे. ती बुडवलेली मजुरीच ओरडते आहे, आणि मजुरांची हाक देवाच्या कानी गेली आहे, असे तिथे म्हटले आहे. तेव्हा आपल्या घामाचे मागा. सरळ मागा, हिशेबाने मागा. हिशेबासाठीच तर तुम्ही अक्षर शिकलात. पुरे म्हणायचे ते आपल्या हावेला. दुसऱ्याच्या हावेला नव्हे.

आता पुन्हा आमच्या घरी येऊ. रान विकल्यावर मुलींची आई एके दिवशी म्हणाली, “मला आकडे शिकवा. घरातला पैसा कुठं जातो, मला बी कळू द्या.” आम्ही वरमलो. तिला सहीपुरते येत होते. गावाची पोरे शिकवून आम्ही मोठी केली, आणि घरच्या माणसाला कधी पाटी दिली नाही! त्या संध्याकाळपासून सुरुवात केली. वय तिचे अठ्ठेचाळीस. वर्षभरात ती अडखळत वाचू लागली. एक वही केली. मीठ, तेल, औषध, देवळातले दान, सगळे त्यात मांडू लागली. महिन्याच्या शेवटी दोघे मिळून बघायचो. काय नसते तरी चालले असते, ते तीच खूण करून दाखवायची. पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त खुणा आमच्याच खर्चावर होत्या.

२०१६ साली धाकट्या मुलीचे लग्न ठरले. जावई वायरमन. मुलगीच म्हणाली, “आप्पा, कर्ज काढलंत तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही.” पाहुणेही समंजस निघाले. रविवारी उपासना झाली आणि तिथेच लग्न लागले. दीडशे माणसे जेवली. वरण-भात, बटाट्याची भाजी, पुरी आणि बुंदी. मंडळीतल्याच बायकांनी पुऱ्या लाटल्या, पोरांनी वाढले. वाजंत्री नाही. एक ढोलकी आणि भजने.

सगळे गोड झाले असे सांगू का? नाही. आमचे थोरले भाऊ आलेच नाहीत. “हेडमास्तरची पोरगी आणि दारात वाजंत्री न्हाई? घराण्याचं नाक कापलं,” म्हणाले. शेजारी बसून जेवणारे आम्ही दोघे भाऊ. दीड वर्ष त्यांनी आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. नाताळला आम्ही फराळ घेऊन गेलो, तर वहिनींनी घेतला, दादा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. साधेपणाने राहायचे तर ही किंमत पडते. आम्ही त्या दिवसांत कितीदा डगमगलो. एखादा बँड लावला असता तर काय बिघडले असते, असेही मनात आले. प्रार्थना करायचो, आणि पुन्हा तोच विचार यायचा.

मग एका संध्याकाळी दादा आपणहून आले. खाटेवर बसले. चहा घेतला. पावसाचे बोलले, कापसाच्या भावाचे बोलले. बराच वेळ गेला. आता त्यांच्या नातीचे लग्न ठरत होते, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही विषय काढला नाही. शेवटी तेच जमिनीकडे बघत म्हणाले, “त्या बुंदीला किती पडले हुते रे तुला?”

आम्ही आठवू लागलो. तेवढ्यात मुलींची आई आतून वही घेऊन आली. कंदिलाची सवय सुटली, तरी ती अजून वही दिव्याजवळ अगदी खाली धरते. पान काढले. एकेका शब्दावर बोट ठेवत ती मोठ्याने वाचू लागली. “हरभऱ्याचं पीठ. साखर. तेल एक डबा. आचारी न्हाई, घरचंच.” दादा मान खाली घालून ऐकत होते. एक ओळ झाली की म्हणत, “हं. फुडं वाच.”