ओझें वाहणारा घरगुती यंत्रगडी : चालण्याआधीं थांबण्याचा विचार

शेतींतील कष्टांपैकीं नांगरणी, मळणी व पाणी ओढणें हीं कामें यंत्रांनीं बऱ्याच अंशीं आपल्या अंगावर घेतलीं. परंतु शेताच्या आंतून बांधापर्यंत माल आणण्याचें काम अद्यापि बहुतेक ठिकाणीं माणसाच्या डोक्यावर व पाठीवरच आहे. डाळिंबाच्या व द्राक्षांच्या ओळींत बैलगाडी नेणें अवघड. लहान ट्रॅक्टर शिरला तरी चार क्रेटांसाठीं तो चालविणें परवडत नाहीं. अशा ठिकाणीं बॅटरीवर चालणारी व दुरून हांकतां येणारी लहान गाडी उपयोगी पडते. तिलाच हल्लीं रोबोट म्हणतात.

हा शब्द चेक लेखक कारेल चापेक याच्या १९२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या नाटकांतून जगभर गेला. ज्या चेक शब्दावरून तो घडला त्याचा अर्थ वेठ असा आहे. वेठ म्हणजे काय हें आपल्या खेड्यांस सांगावयास नको. ती माणसाच्या पाठीवरून उतरवून यंत्रावर घालावयाची, एवढाच या खटाटोपाचा हेतु होय. मात्र शंभर किलो माल घेऊन उतारावरून सुटलेली गाडी समोरच्या माणसाचें हाड मोडल्याशिवाय राहत नाहीं. म्हणून गाडी चालेल कशी याआधीं ती थांबेल कशी, हें ठरविलें पाहिजे.

१. यंत्राची गरज आहे काय?

गाडी ओढावयास किती जोर लागतो हें दोन गोष्टींवर अवलंबून असतें : जमिनीचा विरोध आणि चढ. हवेचीं चाकें धरलीं तर तुडवलेल्या पायवाटेवर एकूण वजनाचा सुमारें विसावा हिस्सा, भुसभुशीत जमिनींत दहावा हिस्सा, व नुकत्याच कुळवलेल्या रानांत पांचवा हिस्सा इतकी ओढ लागते. दहा फुटांस एक फूट चढ असेल तर वजनाचा आणखी दहावा हिस्सा तींत मिळवावा.

मालासह १३० किलो वजनाची हातगाडी सपाट पायवाटेवर साडेसहा किलोच्या जोरानें चालते. हें काम कोणीहि दिवसभर करील. तीच गाडी वरील चढावर साडेएकोणीस किलो जोर मागते, आणि तेथें माणूस दमतो. तात्पर्य, वाट सपाट व घट्ट असेल तर चांगली हातगाडी करावी. मोटारीवर पैसा घालूं नये. चढ असेल किंवा जमीन मऊ असेल तरच पुढील विचार करावा.

२. मोटारीचा हिशेब

पन्नास किलोचीं दोन पोतीं आणि गाडीचें स्वतःचें वजन ६० किलो, मिळून १६० किलो धरूं. भुसभुशीत जमिनीसाठीं १६ व चढासाठीं १६, अशी एकूण ३२ किलो ओढ लागेल. गति माणसाच्या सावकाश चालीची, म्हणजे सेकंदास एक मीटर ठेवावी. ३२ ला ९.८ नें गुणिलें असतां चाकापाशीं सुमारें ३१४ वॅट शक्ति लागते असें निघतें. चेन व बेअरिंग यांतील घट धरून मोटारींनीं ३९० वॅट तरी दिले पाहिजेत. म्हणून २४ व्होल्टच्या, गिअर असलेल्या, २५० वॅटच्या दोन मोटारी घ्याव्या. एका चाकास एक.

केवळ वॅट पाहून मोटार घेणारा फसतो. अशी मोटार मिनिटास सुमारें ३०० फेरे करते. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकास आपल्या गतीसाठीं मिनिटास ४८ फेरे पुरतात. म्हणून मोटारीवर लहान व चाकावर मोठी चक्री बसवून फेरे सहापट कमी करावे; त्याच प्रमाणांत पीळ, म्हणजे चाक फिरविण्याचा जोर, वाढतो. मोटार थेट चाकास जोडली तर गाडी सपाटीवर घोड्यासारखी पळेल आणि पहिल्याच चढावर मोटार जळेल.

३. सांगाडा व चाकें

सांगाडा चौकोनी लोखंडी पाइपाचा करावा व वेल्डिंग गांवांतल्या जाणत्या माणसाकडून करवावें. रुंदी अडीच फुटांहून अधिक नसावी, म्हणजे नऊ फुटांच्या ओळींत दोन्ही बाजूंस मोकळी जागा राहते. फळी शक्य तितकी खालीं बसवावी. ओझें उंच गेलें कीं बाजूच्या उतारावर गाडी कलंडते.

मोटारीचीं दोन चाकें मागें ठेवून एकूण वजनाचा दोन-तृतीयांश भार त्यांवर येईल अशी मांडणी करावी. पुढचें वळणारें चाक मोठें घ्यावें. सामानाच्या ट्रॉलीचें छोटें चाक मातींत रुतून बसतें. ओल्या काळ्या रानांत गाडी मुळींच घालूं नये. तेथें चाकें चिखलानें भरतात व जागींच फिरतात. अधिक जोराची मोटार बसविली तर तीं अधिक खोल जातात इतकेंच.

४. बॅटरी

जातांना भरलेली व येतांना रिकामी, अशी सरासरी २५० वॅट खर्चाची धरावी. दोन तास प्रत्यक्ष चालीस ५०० वॅट-तास लागतील. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची २४ व्होल्ट, ३० अँपिअर-तासांची बॅटरी यास पुरते. शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त पडतात. परंतु त्या निम्म्याहून अधिक रिकाम्या केल्यास लवकर मरतात, म्हणून ४५ अँपिअर-तासांच्या दोन घ्याव्या लागतात, व त्यांचें वजन तीस किलोच्या घरांत जातें. जात कोणतीहि असो, बॅटरीच्या टोकाजवळच ४० अँपिअरचा फ्यूज घालावा. तो नसेल तर एक सोललेली तार गाडी पेटवावयास पुरे.

५. ब्रेक

हा या पाठाचा मुख्य भाग होय. वीज गेली कीं गिअरची मोटार गाडी धरून ठेवील, असा पुष्कळांचा समज असतो. चेनवर चालणाऱ्या अशा मोटारीबाबत तो खोटा आहे. भरलेली गाडी चाकांसह मोटारीलाहि उलटी फिरवीत खालीं येते. म्हणून ब्रेक उलट्या रीतीचा पाहिजे : स्प्रिंगनें तो सदैव लागलेला असावा आणि वीज चालू असेल तेव्हांच सुटावा. बॅटरी संपो, तार तुटो, फ्यूज जळो, गाडी जागच्या जागीं उभी राहते. विजेवर चालणाऱ्या अपंगांच्या खुर्च्यांत हीच योजना असते.

हा ब्रेक मोटारीच्या दांड्यावर न बसवितां चाकाच्या तुंब्यावर बसवावा. चेन तुटली तर मोटारीवरचा ब्रेक मोटारच धरतो. चाक मोकळें सुटतें. गाडीच्या मागें, हात सहज पोंचेल असें, लाल रंगाचें मोठें बटण असावें व त्यानें मुख्य प्रवाहच तुटावा.

६. हांकण्याची रीत

आरंभीं तारेच्या रिमोटनेंच हांकावी. बटण दाबून धरलें तरच चाल, सोडलें कीं थांब, असा नियम ठेवावा. बिनतारी रिमोट पुढें जोडल्यास संदेश अर्धा सेकंद न आला तर गाडी आपोआप थांबली पाहिजे. पुढच्या बाजूस दाबाची पट्टी लावावी, जी कशासहि टेकतांच प्रवाह तोडील. ध्वनिलहरींनीं अडथळा ओळखणारीं उपकरणें मिळतात. परंतु पानें व गवत यांनीं तीं चकतात, म्हणून केवळ त्यांवर विसंबूं नये. साध्या जीपीएसची चूक कांहीं मीटरांची असते, तेव्हां ओळींतून आपोआप चालविण्यास तें निरुपयोगी आहे.

७. चाचणी

प्रथम चाकें उचलून धरून गाडी चालवावी. मग रिकामी सपाटीवर, मग निम्म्या भारानें, आणि शेवटीं पूर्ण भारानें चढावर न्यावी. चढाच्या मध्यावर मुद्दाम वीज तोडून पाहावी. त्या वेळीं खालच्या बाजूस कोणी उभें राहूं नये आणि मुलांस शेताबाहेर ठेवावें. गाडी वीतभरहि न सरकतां उभी राहिली तर ती कामास योग्य. सरकली तर ब्रेक दुरुस्त होईपर्यंत तिजवर एक क्रेटहि ठेवूं नये. ही परीक्षा दर हंगामाच्या आरंभीं पुन्हां घ्यावी, कारण स्प्रिंग सैल होते व ब्रेकचे पट्टे झिजतात.

बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खुर पाहतों, आणि तो कासऱ्यास मानतो कीं नाहीं हेंहि पाहतों. न मानणारा बैल कितीहि बळकट असला तरी कोणी दावणीस बांधीत नाहीं. यंत्रगड्यासहि तीच कसोटी लावावी.