बोलोन्याला निघालेल्या दोघांसाठी मावशीचे कानमंत्र

पोरी, तुझ्या आईचा काल फोन आला होता, चकलीची भाजणी किती किलो द्यायची ते विचारायला. मी म्हटलं, भाजणीचं मी बघते, तू आधी मुलांना माझं पत्र वाचायला दे. तुम्ही नवरा-बायको म्हणून निघालात, पण इटलीच्या दफ्तरात तुम्ही दोन वेगळे विद्यार्थी आहात. एकानं सगळं बघायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या मागे उभं राहायचं, ही सवय पहिल्याच महिन्यात लागते आणि पुढे फार महाग पडते. म्हणून जे सांगते ते दोघांनी वाचा, वेगवेगळं बसून.

आधी निघण्यापूर्वीचं.

१. दोघांच्या पासपोर्टावरचं नाव आणि पदवीच्या कागदावरचं नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहा — आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नावही बदलतं. इटलीत मात्र लग्न झालं तरी बाईचं कागदोपत्री नाव माहेरचंच राहतं. खिडकीपलीकडच्या माणसाला या दोन नावांची बाई एकच आहे हे पटवताना घाम फुटतो. पोरी, पासपोर्ट अजून बदलला नसशील तर शिक्षण होईपर्यंत बदलू नकोस. बदलला असशील तर विवाहाचं प्रमाणपत्र एपोस्टिल करून, इटालियन भाषांतरासकट जवळ ठेव.

२. शिष्यवृत्तीसाठी घरच्यांचं उत्पन्न, घरदार आणि कुटुंबातली माणसं यांचे दाखले इथूनच एपोस्टिल करून न्या — बोलोन्यात ही शिष्यवृत्ती एर्गो ही प्रादेशिक संस्था देते, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या घरच्या परिस्थितीचा आकडा, त्याला इझे पारिफिकातो म्हणतात, या दाखल्यांवरून काढतात. लग्न झाल्यावर तुमचं कुटुंब कोणतं धरायचं, आईवडिलांचं की तुम्हा दोघांचं, हे तो आकडा काढून देणाऱ्या काफच्या कार्यालयाला आधीच लेखी विचारा. कोणाकोणाचे दाखले जमवायचे ते त्या उत्तरावर ठरतं.

३. हिंग, गोडा मसाला आणि कुकरची जादा रिंग न्या. साजूक तूप, पेढे, खवा आईला परत द्या — बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला युरोपीय संघात बंदी आहे. आई रुसेल, पण विमानतळावर बरणी टाकून द्यावी लागली तर जास्त रुसेल.

आता पोचल्यावरचं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

४. पोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत पोस्टात जाऊन राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे पेर्मेस्सो दि सोज्जोर्नोचा अर्ज भरा. दोघांचे लिफाफे दोन, फी दोनदा, आणि १६ युरोचं मुद्रांक तिकीट, मार्का दा बोल्लो, तेही दोन — लग्न झालं म्हणून विद्यार्थ्यांचा अर्ज एकात एक होत नाही. मुद्रांक तंबाखूच्या दुकानात मिळतो, दारावर ठळक ‘टी’ची पाटी असते. अर्ज ज्याचा त्यानं स्वतः भरायचा. जावईबापू, तुमचं अक्षर सुंदर असेल, पण तिचा अर्ज तिलाच भरू द्या.

५. पोस्टातून मिळणारी पावती पासपोर्टाइतकीच जपा, दोघांच्या फायली दोन ठेवा आणि एकमेकांच्या कागदांचे फोटो एकमेकांच्या फोनमध्ये ठेवा — कार्ड हातात यायला महिने लागू शकतात, तोवर ती पावतीच तुमची ओळख. पावती जपे, तो परमुलखी टिके.

६. परवाना संपायच्या ६० दिवस आधी नूतनीकरणाला लागा, आणि ही गोष्ट मनात पक्की ठेवा: पहिल्या वर्षानंतर किमान एक परीक्षा आणि पुढच्या प्रत्येक वर्षी किमान दोन परीक्षा उत्तीर्ण झाल्या पाहिजेत, दोघांच्याही — एकानं कमवायचं आणि दुसऱ्यानं शिकायचं, असं प्रेमानं ठरवणारी जोडपी असतात. त्यात कमावणाऱ्याचा परवाना अडकतो. शिष्यवृत्तीची क्रेडिटची अट यापेक्षा कडक असते, तीही आपापली वाचा.

७. नूतनीकरणाच्या नुसत्या पावतीवर भारतात यायचं असेल तर विमान दोहा किंवा दुबईमार्गे घ्या, फ्रँकफुर्ट-पॅरिसमार्गे नको — ती पावती इटलीच्या सीमेवर चालते, वाटेतल्या दुसऱ्या शेंगेन देशात चालत नाही. स्वस्त तिकीट दिसलं की आधी मार्ग बघा, मग किंमत.

८. कोदिचे फिस्काले, म्हणजे १६ अक्षरं-आकड्यांचा करओळख क्रमांक, पहिल्याच आठवड्यात फुकट काढून घ्या आणि पाठ करा — तो घरभाड्याच्या करारापासून पगारापर्यंत सगळीकडे विचारतात.

९. विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला २० तास काम करता येतं. जे काम कराल ते लेखी करारानं करा — बिनकराराच्या कामात पगार बुडाला किंवा हात भाजला तर दाद मागायला हातात काही नसतं.

घराबद्दल आता. बोलोन्यात घर मिळणं कठीण आहे, म्हणून मिळालं की लोक डोळे मिटून सही करतात. तुम्ही उघडे ठेवा.

१०. करारावर दोघांची नावं हवीत आणि करार ३० दिवसांत करखात्यात नोंदवला गेला पाहिजे — ज्याचं नाव करारात नाही त्याला घराचा पत्ता असूनही पत्त्याचा पुरावा नसतो. घरमालक ‘एकाचं नाव पुरे’ म्हणाला तर गोड हसा आणि दुसरं नाव घालून घ्या.

११. दाराच्या बेलवर आणि टपालपेटीवर दोन्ही आडनावं लावा — पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन रजिस्टर पत्र देत नाही, आणि महत्त्वाची सरकारी पत्रं बहुधा रजिस्टरनं येतात.

१२. घरात आल्यावर किल्ली आतून कुलपात लावून ठेवू नका — तिथली बरीच दारं ओढली की आपोआप बंद होतात, आणि आतून किल्ली लावलेली असेल तर बाहेरची किल्ली आत शिरत नाही. एकजण कानात इयरफोन घालून झोपलेला, दुसरा रात्री जिन्यात पिशव्या घेऊन उभा, असं होतं. दाराशेजारी एक खिळा ठोका, किल्ली त्यावर. आणि कचरा टाकायला खाली जातानासुद्धा किल्ली खिशात. किल्ली खिळ्यावर, भांडण वेशीवर.

१३. वॉशिंग मशीन, ओव्हन आणि पाण्याची किटली एकदम चालवू नका — घरगुती मीटर बहुधा ३ किलोवॅटचा असतो, भार वाढला की वीज खटकन जाते. मीटर कुठे आहे, तळघरात की जिन्याखाली, आणि बटण कुठलं वर करायचं, हे दिवसाउजेडी दोघांनी पाहून ठेवा.

१४. बोलोन्यात घरं तापवायची मुदत १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल असते, तीही दिवसाला १४ तासांपर्यंत — म्हणून ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे आणि एप्रिलचा शेवट यासाठी जाड पायमोजे आणि रजई वेगळी काढून ठेवा.

१५. थंडीतही रोज सकाळी दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा, विशेषतः घरात कपडे वाळत घातले असतील तेव्हा — नाहीतर कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी धरते आणि घर सोडताना अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापतात.

१६. दुपारी जेवणानंतर आणि रात्री उशिरा कुकर लावू नका — इमारतींना विश्रांतीच्या वेळांचे नियम असतात, आणि शिट्टी म्हणजे काय हे शेजारच्या आजींना माहीत नसतं. पहिल्याच आठवड्यात त्यांना कुकर दाखवून या, सोबत वाटीभर काहीतरी न्या. त्या आजी तुमच्या गैरहजेरीत तुमचं पार्सल घेतील.

स्वयंपाकाचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला वाटतं तितकी उपासमार होत नाही.

१७. सुपरमार्केटात ‘फारिना दि चेची’ म्हणून मिळतं ते बेसनच, त्याचं पिठलं करा — फक्त ते काबुली चण्याचं असतं, म्हणून आधी कोरडंच मंद आचेवर खमंग भाजून घ्या आणि पाणी घातल्यावर नेहमीपेक्षा जास्त शिजू द्या, नाहीतर कच्चट वास राहतो. तिथली लाल मसूर डाळ चांगली असते, रव्याला सेमोलिनो म्हणतात. पोळीची कणीक आणि तूरडाळ मात्र स्टेशनमागच्या बोलोनिना भागातल्या बांगलादेशी-पाकिस्तानी दुकानांत पाहा.

१८. कोथिंबीर म्हणून जुडी उचलण्याआधी पान चुरडून वास घ्या — ती बहुतेक वेळा पार्सली असते, आणि आमटीत पडल्यावर उपाय नसतो.

१९. सुपरमार्केटात फळं-भाज्या उघड्या हातानं चाचपू नका, तिथे ठेवलेला प्लॅस्टिकचा हातमोजा घाला — आपल्याला टोमॅटो दाबून बघायची सवय, त्यांना त्याची किळस.

२०. कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्या — बसून प्यायलात तर बऱ्याच ठिकाणी किंमत वाढते. महिन्यातून एकदा मात्र दोघं नीट खुर्चीत बसून प्या, तो खर्च मी आत्ताच मंजूर करते.

अभ्यास आणि बाहेरचं.

२१. दोघांच्या परीक्षांच्या तारखा एकाच कागदावर फ्रिजला लावा आणि ज्याची परीक्षा त्याला चार दिवस स्वयंपाक माफ — परीक्षा जानेवारी-फेब्रुवारी, जून-जुलै आणि सप्टेंबरात गर्दीनं येतात, तेव्हा कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं बरं. परीक्षेची ऑनलाइन नावनोंदणी काही दिवस आधीच बंद होते, ती तारीखही त्याच कागदावर.

२२. तोंडी परीक्षेचा सराव एकमेकांपुढे मोठ्यानं बोलून करा — इटलीत बऱ्याच विषयांची परीक्षा प्राध्यापकांसमोर बसून तोंडी होते. मनात येणारं उत्तर ओठावर येईलच असं नाही. गुण ३० पैकी, पास व्हायला १८. एकाला २९ आणि दुसऱ्याला २१ मिळाले, तर त्या रात्री घरात आकडा काढायचा नाही.

२३. कागदी तिकीट बसमध्ये चढल्यावर लगेच आणि प्रादेशिक रेल्वेत चढण्याआधी यंत्रात छापून घ्या. दोघांची तिकिटं दोन वेळा — पैसे भरलेले असले तरी न छापलेल्या तिकिटावर दंड होतो. संपाच्या दिवशीही प्रादेशिक गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ चालवायची हमी असते, परीक्षेला त्यात निघा.

२४. सरकारी आरोग्यसेवेची नोंदणी जानेवारीत करा — विद्यार्थ्याला २०२४ पासून वर्षाचे ७०० युरो पडतात, आणि ते वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. सप्टेंबरात भरलेत तर चार महिन्यांसाठी पूर्ण पैसे जातात. पहिल्या शरदात खासगी विमा काढून घ्या. मूल आत्ता हवं की नको याबद्दल सल्ला हवा असेल तर सरकारी कोन्सुल्तोरियोत जा, तिथे स्त्रीरोगतज्ज्ञही असतात. लाजून गप्प बसू नका. तातडीला ११२.

आता शेवटचं, आणि माझ्या मनातलं सर्वांत महत्त्वाचं.

२५. इटालियन दोघांनी शिका, एकानं शिकून दुसऱ्याचा दुभाषी होऊ नये — ज्याला भाषा येते त्याच्यावर सगळ्या रांगा पडतात, आणि ज्याला येत नाही तो घरात बसून खिन्न होतो. मी असे संसार पाहिलेत; त्यात प्रेम कमी नव्हतं, पण एकजण थकला होता आणि दुसरा लहान होत गेला होता. म्हणून या महिन्यात पोस्टात पोरी, तू; पुढच्या महिन्यात जावईबापू.

२६. दोघांचे दोन-चार मित्र वेगळे असू द्या — परदेशात एकमेकांशिवाय कोणी नसलं की चहात साखर कमी पडल्याचंही भांडण होतं.

२७. खाती दोन, घरखर्चाचा हिशेब एक. रविवारी संध्याकाळी अर्धा तास तो मांडा — पैशाचं बोलणं ठरल्या वेळी झालं की अवेळी होत नाही.

२८. भांडण झालंच तर सान लुकाच्या टेकडीवर चालत जा — जवळजवळ चार किलोमीटरची कमानींची वाट आहे, ६६६ कमानी, पाऊस असला तरी डोक्यावर छप्पर. चढावर बोलवत नाही, आणि वर पोचेपर्यंत दोघांनाही भूक लागलेली असते.

२९. घरी फोन तिथल्या दुपारी करा — उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, थंडीत साडेचार. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे आईची मध्यरात्र उलटलेली. आणि फोनवर दोघंही या. ‘तो बरा आहे’ असा निरोप आम्हाला नको, त्याच्या तोंडून ऐकायचंय.