गुलाबी बोंडअळीची बातमी वाचून

कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडल्याची बातमी वाचली आणि वाटले, बीटी कपाशीला बोंडअळी लागतच नाही ना? बाबा म्हणाले, "फवारणी कमी पडली असेल." पण कारण निराळे आहे.

आमच्या जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी वाणांना मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यांत मातीतल्या एका जिवाणूचे जनुक आहे. त्यामुळे झाडातच अळीला मारक प्रथिन तयार होते. मात्र असंख्य अळ्यांत एखादीला ते विष जन्मतःच बाधत नाही. तिच्या पतंगाचे साध्या पतंगाशी मीलन झाले, तर संततीत हा गुण बहुधा दबतो. म्हणूनच शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशी लावायची, म्हणजे साधे पतंग टिकतात. त्या बियाण्याची वेगळी पिशवी पूर्वी पाकिटाबरोबर मिळे. आमची फडताळातच राहिली! २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. पुढे अळीने तेही पचवले.

ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. फरदड ठेवली की तिला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळते. मी बाबांना म्हटले, "डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटू." ते म्हणाले, "मग फरदडीचे चार पैसे कोण देणार?"

सध्या मी वहीत हिशेब मांडतो आहे: वेचणीची मजुरी, फवारणी आणि हाती येणारा किडका कापूस.