वडवणीत बसून वाचताना

एम. ए. ला वसाहतोत्तर साहित्याचा पेपर होता. फॅनन, अचेबे, न्गुगी, एडवर्ड सैद, गायत्री स्पिवाक. पुस्तकं अल्जीरिया, नायजेरिया, केनियाची आणि वाचणारी मी बीड जिल्ह्यातल्या वडवणीची. ती वाचता वाचता आपल्याच मुलखाबद्दल जे उमगत गेलं, ते इथे मांडते.

१. आपलं स्वातंत्र्य एका तारखेत मावत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. इथली सुटका १७ सप्टेंबर १९४८ ची. हे शाळेपासून ठाऊक होतं, पण त्याचं वजन कळलं ते पुस्तकांतला परका राज्यकर्ता आणि आपला राज्यकर्ता शेजारी ठेवून पाहिल्यावर. तिथे बोटीतून आलेला गोरा साहेब असतो. इथे हैदराबादेत निजाम आणि त्याच्याही डोक्यावर इंग्रज रेसिडेंट. १८१८ मध्ये बीड भागात धर्माजी प्रतापराव निजामाविरुद्ध उठले, तेव्हा त्यांना पकडणाऱ्या निजामाच्या फौजेचं नेतृत्व जॉन सदरलँड या इंग्रज अधिकाऱ्याकडे होतं. न्गुगीचा राग इंग्रजीवर. आपल्याकडे दरबार, कचेरी आणि १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठ, सगळं उर्दूत. आणि तीच उर्दू शेजारच्या मुसलमान घरातल्या आजीची अंगाईची भाषा. सत्तेची भाषा आणि शेजाऱ्याची भाषा एकच असली, की राग नेमका कुणावर धरायचा? या प्रश्नाचं तयार उत्तर मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही.

२. मुक्तीच्या लढ्यालाही न बोललेली बाजू असते. आमच्याकडची म्हातारी माणसं निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या जुलमाच्या आठवणी सांगतात. त्या खऱ्या आहेत आणि ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पण पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे १९४८ मध्ये भारतीय फौज हैदराबाद राज्यात शिरल्यानंतर, मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्याबद्दल मी घरात कधी ऐकलं नव्हतं. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. हैदराबाद राज्यात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज. उस्मानाबाद आणि नांदेड हे सर्वांत जास्त पोळलेल्या जिल्ह्यांत होते. तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१३ मध्ये. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्याबद्दलचा माझा आदर यामुळे कमी झाला नाही. मात्र १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना आता मला दोन्ही प्रकारची माणसं आठवतात.

३. १९७८ हे साल माझ्या मनातून जात नाही. त्या वर्षी सैद यांचं ‘ओरिएंटॅलिझम’ आलं, दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. गावकऱ्यांना घेऊन गिकुयू भाषेत नाटक केलं म्हणून पकडलेला न्गुगी जवळजवळ ते सगळं वर्ष केनियाच्या तुरुंगात होता. आणि २७ जुलैला आपल्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. पाठोपाठ मराठवाड्यातल्या गावागावांत दलितांची घरं जळाली. पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसं जिवानिशी गेली. हल्लेखोरांत परका कुणी नव्हता. निजामाविरुद्ध लढलेल्यांपैकी काही मान्यवरही नामांतराच्या विरोधात उभे राहिले. एका जुलमाशी प्राणपणाने लढलेला माणूस दुसरा जुलूम ओळखेलच असं नाही, हे मला फॅननने थोडं शिकवलं, नामांतराने पुरतं शिकवलं. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही ‘मराठवाडा’ हा शब्द सोबत ठेवून. माझ्या पदवीपत्रावर ते नाव आहे. ते नुसतं विद्यापीठाचं नाव म्हणून वाचणं मला आता जमत नाही.

४. दूरची पुस्तकं आपल्याकडे उशिरा आली, हा समज सोडावा लागतो. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. आणि लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचं साहित्य मराठीत उलगडून सांगितलं.

५. सगळ्यात अवघड पुस्तक गावातच आहे. दसरा झाला की आमच्याकडच्या टोळ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात; मग पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, यांवर डॉक्टर सांगतो गर्भपिशवी काढून टाका, आणि बाई काढून टाकते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. दबलेल्याला बोलता येतं का, हा स्पिवाक यांचा १९८८ मधला प्रश्न मी परीक्षेत छान सोडवला होता. पण या बाया बोलतात. मुकादमाशी भांडतात, हिशेब तोंडपाठ सांगतात, मोर्चाला जातात, डॉक्टरांनी काय सांगितलं ते शब्दन्‌शब्द ऐकवतात. त्यांची मोजणी झाली, बातम्या झाल्या, अहवाल झाला. त्यांच्यापैकी एकीने स्वतः लिहिलेलं किंवा सांगून लिहवून घेतलेलं पुस्तक मात्र माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं. फॅनन आणि न्गुगी यांच्या शेजारी ते लागायला हवं, आणि पट्टा पडून, म्हणजे गाळप हंगाम संपून, टोळ्या परत आल्या की ते सांगणाऱ्या बाया इथेच, वडवणीच्या आठवडी बाजारात भेटतात.