देवाची राई

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग चिपळूण सोडून दक्षिणेकडे निघाला, की थोड्याच वेळात सावर्डे लागते. हा परिसर कातासाठी प्रसिद्ध आहे. खैराच्या तांबूस गाभ्याचे बारीक तुकडे करून ते पाण्यात उकळतात, तो काढा आटवतात आणि तो निवला म्हणजे त्यातून विड्याचा कात मिळतो. खैराच्या लाकडाला आज काय भाव आहे, हे येथील व्यापारी चटकन सांगेल.

परंतु याच मुलखात, चिपळूण आणि संगमेश्वर या तालुक्यांतील कित्येक गावी, ज्यांचा भाव कोणी विचारीत नाही अशीही झाडे उभी आहेत. ती देवराईतील झाडे होत. ग्रामदेवतेच्या देवळाभोवतीचे रान देवाच्या नावाने राखावे, त्यात कुऱ्हाड चालवू नये, असा पूर्वापार नेम आहे. पुष्कळ गावांत तर देवाचा कौल घेतल्यावाचून फांदीही तोडीत नसत. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे, आणि ते सरपणासाठी व कोळशासाठी वरचेवर तुटत आले आहे. त्यामुळे खरोखर जुना वृक्ष पाहावयाचा असेल, तर देवराईतच जावे लागते.

वैशाखाच्या उन्हातून राईत पाऊल टाकले, की अंगावर गारवा येतो. बेहडा, सातवीण, आंबा यांचे बुंधे दोघातिघांच्या कवेत मावत नाहीत. झाडाझाडांवरून गारंबीचे वेल चढलेले असतात आणि त्यांच्या हातभर लांबीच्या शेंगा खाली लोंबतात. उंच बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. त्याची रीत मोठी विलक्षण आहे. मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. एक अरुंद फट तेवढी मोकळी राहते. मग आठवड्यामागून आठवडे नर त्या फटीतून तिला फळे भरवीत असतो. एवढी प्रशस्त ढोली कोवळ्या झाडाला कोठून असणार!

आता कोणी विचारील, की या राईपासून गावाला मिळते काय? पुष्कळ राईंतून बारमाही झरा वाहतो, ही मिळकत डोळ्यांना दिसते. पण दुसरी मिळकत मोजता येत नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते, तेव्हा मुंबईचे चाकरमानी रजा काढून गावी येतात. देवळापुढे गाऱ्हाणे घातले जाते, ढोल वाजतो, वर्षभर न भेटलेली भावंडे एकाच सावलीत बसतात. मुंबईत जन्मलेल्या नातवाला आजोबा जेव्हा ‘हे आपले गाव’ असे म्हणून दाखवितात, तेव्हा त्यांचे बोट बहुधा या राईकडेच असते. सावर्ड्यास सह्याद्री शिक्षण संस्थेचे कला महाविद्यालय आहे. कोकणच्या डोंगराझाडांसमोर कागद घेऊन बसल्यावाचून निसर्गचित्र शिकता येत नाही, हे तेथील विद्यार्थी जाणतात.

हा केवळ भाविकांचा समज नव्हे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच या संशोधकाने तपासल्या. त्यांतील 23 जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि 23 जणांच्या खिडकीपुढे विटांची भिंत होती. झाडे पाहणारे रुग्ण सरासरी सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली. हा निष्कर्ष 1984 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2005 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासात निसर्गापासून माणसाला होणाऱ्या लाभांची मांडणी झाली. त्यात अन्न, पाणी, लाकूड यांच्याबरोबरच श्रद्धा, सौंदर्य आणि आपल्या भूमीविषयीची आपुलकी यांनाही स्थान मिळाले. आपल्याकडे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे शास्त्रज्ञ 1970 नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांतून हिंडले व त्यांतील वनस्पतींच्या नोंदी करीत गेले. जे रान धाकाने टिकले नसते ते श्रद्धेने टिकले, ही गोष्ट त्यांच्या लेखनामुळे जगापुढे आली.

मात्र अलीकडे श्रद्धेचेच रूप पालटू लागले आहे. कोकणातील काही गावांत जुने कौलारू देऊळ पाडून सिमेंटचे मोठे देऊळ बांधण्याची हौस वाढली, आणि त्यासाठी लागणारा पैसा राईतील झाडे विकून उभा केला गेला. देवाचेच लाकूड देवाच्याच कामी लागले, असे त्याचे समर्थनही होते. या युक्तिवादात देवाचे घर म्हणजे फक्त चार भिंती, असे गृहीत धरलेले असते. पूर्वजांनी तर राईलाच घर मानले होते. कित्येक राईंत उघड्यावरच्या शिळेखेरीज देऊळ असे नव्हतेच.

मुलांनो, तुमच्या गावाजवळ देवराई असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. तिची हद्द त्यांच्या लहानपणी कोठवर होती आणि आज ती कोठे येऊन थांबली आहे? त्यांना आठवणारी कोणती झाडे अजून उभी आहेत? त्या झाडांची नावे त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्या.